मादाम ‘ल’ जेनेराल

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हेलिपोर्ट दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पॅरिस जिथं संपतं आणि आमचं इस्सी-ले-मूलिनो सुरू होतं त्या वेशीवर, बालार मेट्रो स्टेशनच्या पलीकडे ते आहे. आंरी फारमाननं १९०८ साली युरोपातलं पहिलं एक किलोमीटरचं गोल उड्डाण केलं ते इथल्याच मैदानावर. कुकरची शिट्टी आणि हेलिकॉप्टर एकदम सुरू झालं की लेक कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरते. सहा वर्षं हा आवाज आमच्या घरात आहे. फ्रिजचा असतो तसा. कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

२१ जानेवारी २०२५ ला व्हालेरी आंद्रे गेल्या. वय १०२. गेल्या त्याही इथंच, इस्सीला. त्या आठवड्यात ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर एका सहकारी बाईनं पेपर माझ्याकडे सरकवला. फ्रान्सच्या सैन्यदलांत जनरलच्या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री. हवाई दलातली डॉक्टर, हेलिकॉप्टरची वैमानिक, पॅराशूटनं उडी मारणारी सर्जन. मी वाचत होते, तेवढ्यात ती अगदी प्रेमानं म्हणाली, “तुमच्याकडे बायकांना सैन्यात घेतात का गं?”

प्रश्नात खोट काहीच नव्हती. ती मनानं चांगली आहे. माझी आई आजारी होती तेव्हा तिनं माझं काम तीन आठवडे स्वतःहून अंगावर घेतलं होतं. पण दर दोन-चार महिन्यांनी हा ‘तुमच्याकडे... का?’ येतोच, आणि तो आला की माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहतं. माझ्या डब्यातली मेथीची भाजी तशीच राहिली आणि मी सुरू झाले. पद्मा बंदोपाध्याय, आमच्या पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मधून, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय कॉलेजातून, डॉक्टर झालेल्या, २००४ साली हवाई दलात एअर मार्शल. माधुरी कानिटकर, त्याही ए.एफ.एम.सी.च्या, मुलांच्या किडनीच्या डॉक्टर, २०२० साली लेफ्टनंट जनरल. नवराही लेफ्टनंट जनरल. २०१६ साली तीन मुली लढाऊ विमानांच्या वैमानिक झाल्या. शेवटी हेही ऐकवलं की तुमच्या देशात १९६५ सालापर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्यानं हो म्हटल्याशिवाय नोकरी करता येत नव्हती की बँकेत स्वतःचं खातं उघडता येत नव्हतं. आमच्या बायका तर देशाच्या पहिल्या निवडणुकीपासून मत देतायत.

ती एवढंच म्हणाली, “हो, माझ्या आजीचं तसंच होतं.”

वाद घालायला समोर कोणी उरलंच नाही. आणि जे मी सांगितलं नाही ते घरी येईपर्यंत मेट्रोत माझ्याशेजारी बसून राहिलं. फ्रान्सची पहिली लढाऊ वैमानिक कारोलिन एग्ल हिला १९९९ साली पंख मिळाले, म्हणजे आमच्या तिघींच्या सतरा वर्षं आधी. ते मला माहीत होतं, मी बोलले नाही. आपल्या लष्करात बायकांना कायमस्वरूपी कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारी राहता यावं म्हणून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि निकाल आला तो २०२० च्या फेब्रुवारीत, हेही बोलले नाही. परदेशात राहिलं की माणूस आपल्या देशाचा वकील होतो. मी इथं राहायला आले ती स्वतःच्या मर्जीनं, मग निदान वकिली तरी नीट करावी असं वाटतं. तिकडे असताना याच सगळ्या गोष्टींवर मी किती तावातावानं बोलायचे, ते माझ्या मैत्रिणी सांगतील.

त्या रात्री लेक झोपल्यावर मी आंद्रेबाईंवर मिळेल ते वाचत बसले.

जन्म १९२२, स्ट्रासबुर्ग. त्या अठरा वर्षांच्या असताना जर्मनांनी आल्सास हा त्यांचा प्रांत गिळला. स्ट्रासबुर्गचं विद्यापीठ आधीच क्लेरमाँ-फेराँला हललं होतं. त्या तिथं डॉक्टरकी शिकत होत्या, आणि तिथंही नोव्हेंबर १९४३ मध्ये गेस्टापोची धाड पडली. त्यातून त्या निसटल्या, पॅरिसला आल्या, युद्ध संपल्यावर १९४८ ला डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय पॅराशूटनं उडी मारणाऱ्यांच्या दुखापती. उड्या स्वतः मारून झाल्या होत्या. १९४९ साली सैन्याच्या डॉक्टर म्हणून इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनामकडच्या फ्रेंच वसाहतीत. तिथं जखमींचे ढीग, डॉक्टर मोजके. सायगॉनच्या लष्करी रुग्णालयात त्या मेंदूच्या शस्त्रक्रियांना उभ्या राहायला लागल्या.

मग त्यांनी हेलिकॉप्टर पाहिलं. मी अडकले ती इथून.

हिलर ३६० हे यंत्र फोटोत खेळण्यासारखं दिसतं. पुढे काचेचा बुडबुडा, त्यात वैमानिक. मागे उघडं इंजिन, दोनशे अश्वशक्तीचंसुद्धा नाही. आणि दोन्ही बाजूंना, बाहेर, झाकण लावलेली एकेक लांबट पेटी. त्या पेटीत जखमी माणूस आडवा. म्हणजे उडताना वैमानिक एकटा आणि दोन रुग्ण काचेच्या पलीकडे. मी भूलतज्ज्ञ आहे, होते, काय म्हणायचं ते पुढे सांगते. पण मी त्या फोटोकडे त्याच नजरेनं पाहिलं. पेटीतल्या माणसाची जीभ मागे पडली, श्वास अडला, पट्टीखालून रक्त पुन्हा सुरू झालं, तर वैमानिकाच्या हातात काहीच नाही. दोन्ही हात दोन दांड्यांवर, पाय पेडलवर. म्हणून जे करायचं ते जमिनीवर, पंखा फिरायच्या आधी. हे कळायला आत डॉक्टर बसलेला हवा. आणि हे पेलायला त्या डॉक्टरला उडवता यायला हवं. बाईंनी या दोन गोष्टी एकाच माणसात आणल्या. तो माणूस म्हणजे त्या स्वतः. १९५० साली फ्रान्सला येऊन शिकल्या आणि परत गेल्या.

आता वजनाची गोष्ट. हवा गरम आणि दमट असली की हेलिकॉप्टरची उचलायची ताकद उतरते. टाँकिनच्या, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या, उन्हाळ्यात असल्या दुबळ्या इंजिनाला एकेक किलो जड. आंद्रेबाई अंगानं लहानखुऱ्या. बुडबुड्यात बसलेला वैमानिक जितका हलका, तितकं जखमींसाठी वजन शिल्लक. जे शरीर इतर कुठल्याही सैन्यात दारातूनच परत पाठवलं असतं, ते या एका यंत्राला नेमकं हवं होतं.

माझी उंची चार फूट दहा इंच. इंटर्नशिपनंतर मला सर्जरी करायची होती. नाशिकला असताना एका वरिष्ठ सरांनी, तेही प्रेमानंच, मला म्हटलं होतं, “अगं, टेबलाशी उभं राहायला तुला स्टूल लागेल. असिस्ट करणाऱ्याची मान मोडेल. तू अ‍ॅनेस्थेशिया घे, बसून करता येतो.” भूल बसून देता येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. घरी बाबा म्हणाले, सर म्हणतात ते बरोबर आहे. आई म्हणाली, रात्रीबेरात्रीचं कमी असेल. तेही खोटं. मी अ‍ॅनेस्थेशिया घेतला आणि मला तो आवडला, अगदी मनापासून. तक्रार करत नाही. पण त्या रात्री हिलरचा फोटो बघताना मला ते स्टूल आठवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

११ डिसेंबर १९५१. काळ्या नदीकाठी तू वू नावाचं ठाणं, हल्ल्यात जखमी झालेले सैनिक, रस्त्यानं काढणं अशक्य. हेलिकॉप्टर सायगॉनला, म्हणजे हजारावर किलोमीटर खाली. ते सुटं केलं, ब्रिस्टल मालवाहू विमानात घालून हनोईला आणलं, पुन्हा जोडलं. तिथून बाई धुक्यात आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात तू वूला उतरल्या. जखमींमधून फिरल्या, कोण थांबू शकतो आणि कोण नाही ते ठरवलं, ज्यांना हात लावायलाच हवा त्यांच्यावर तिथंच शस्त्रक्रिया केल्या. मग दोघांना घेऊन हनोई. परत. पुन्हा दोघं. पुन्हा परत.

दोनच जागा. हे ठरवणं म्हणजे काय असतं ते मला एका रात्रीपुरतं माहीत आहे. मुंबई-आग्रा हायवेवर जीप आणि ट्रकचा अपघात झाला होता, अकरा माणसं एकदम आली. मी ड्युटीवर. व्हेंटिलेटर मोकळा एक. मी एका बाईला लावला, आणि दुसऱ्या तरुण मुलाच्या तोंडात नळी घालून त्याच्या चुलत्याच्या हातात फुगा दिला, म्हटलं, हा असा दाबत राहा, मोजून, एक हजार एक, एक हजार दोन. तो माणूस पहाटे साडेपाचपर्यंत दाबत होता. बोटांना वळ आले होते. मुलगा वाचला. त्यानंतर कितीतरी दिवस मी जेवताना एक हजार एक, एक हजार दोन मोजत असे. इंडोचायनात रेडिओवर हेलिकॉप्टरला ‘व्हाँतिलातर’ म्हणून पुकारायचे, म्हणजे पंखा. हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ तशीच बसले.

इंडोचायनात बाईंनी हेलिकॉप्टरच्या १२९ फेऱ्या केल्या, १६५ जखमी आणले. पुढे अल्जेरियात युद्धाच्या ३६५ मोहिमा. अधल्यामधल्या काळात पॅरिसजवळ ब्रेतिन्यीच्या उड्डाण-चाचणी केंद्रात डॉक्टर. १९६३ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न, तेही आलेक्सी सांतिनींशी, जे हवाई दलाचे अगदी सुरुवातीचे हेलिकॉप्टर वैमानिक आणि इंडोचायनातले त्यांचे वरिष्ठ. एप्रिल १९७६ मध्ये जनरल. १९८१ ला आणखी एक पायरी वर, ‘मेदसँ जेनेराल अ‍ॅस्पेक्तर’. १९९९ साली लेजिओं दोनर या फ्रेंच राष्ट्रीय सन्मानाची सगळ्यात वरची पायरी.

मी फक्त कौतुक करून थांबले असते तर सोपं होतं. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, जन्म हनोईचा, १९५४ साली लहान असताना आईबरोबर इकडे आल्या. त्यांना संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेले होते, आमच्याकडे तो महिनाभर चालतो, तेव्हा बोलता बोलता हा विषय काढला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी आई हेलिकॉप्टर ऐकलं की आम्हाला पलंगाखाली ढकलायची. कोणासाठी आलंय ते आवाजावरून कळत नाही ना.” आवाज चढलेला नव्हता. तिळाच्या वड्या मोजून दोन घेतल्या, डबा परत दिला.

तर हे आहेच. ते युद्ध फ्रेंचांनी साम्राज्य टिकवायला केलं. अल्जेरियातलंही. बाईंनी शत्रूच्या जखमींवर, गावकऱ्यांवरही उपचार केले हे खरं आहे, पण त्या आल्या होत्या कोणाच्या गणवेशात हेही तितकंच खरं. मला सारखे सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आठवत होते. तेही परक्या देशात, परक्या युद्धात, १९३८ साली चीनला गेले. पण ते ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या बाजूनं गेले, गेले ते परत आलेच नाहीत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच संपले. आपल्याकडे डॉक्टर आणि युद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर ते येतात, आणि त्या मापाला आंद्रेबाई पुऱ्या पडत नाहीत. मी हे नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, पेटीतल्या माणसाला माप कुठलं? मला त्याचं म्हणणं पटलं नाही, आणि खोडताही आलं नाही. अजून नाही आलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

त्या पेपराच्या टेबलावर आणखी एक गोष्ट झाली होती. बाईंबद्दल बोलताना सहकारी म्हणाली, “मादाम ल जेनेराल.” मी फ्रेंच शिकले ती मोठेपणी, घाम गाळून, त्यामुळे अशा जागी माझा कान लगेच टवकारतो. बाई आहे तर ‘ला’ हवं. ‘ल’ पुरुषाला. मी विचारलं. ती हसून म्हणाली, “ला जेनेराल म्हणजे जनरलची बायको.”

शेकडो वर्षं इथं हीच पद्धत. ला जेनेराल, ला कोलोनेल, ला प्रेफेत: हुद्दा नवऱ्याचा, नाव बायकोला. म्हणून बाई स्वतः जनरल झाली तेव्हा भाषेत तिच्यासाठी जागाच नव्हती; तिला पुरुषाचा ‘ल’ लावून आधी ‘मादाम’ जोडावं लागलं. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखे. एका काना-मात्रेचा फरक. त्या ‘ल’साठी माणसाला किती उडावं लागतं! बाईंच्या बाबतीत तर दोन्ही म्हणता आलं असतं असंही नाही, नवरा कर्नलच्या पुढे गेला नव्हता. व्यवसायांची स्त्रीलिंगी रूपं चालतील असं फ्रेंच अकादमीनं मान्य केलं ते २०१९ साली. आता पेपरात बायकांसाठीही ‘ला जेनेराल’ दिसतं. पण आंद्रेबाईंच्या पिढीच्या तोंडी ‘ल’च, आणि मी वाचलं त्यावरून त्यांना त्याचं वाईट वाटत असावं असं दिसत नाही.

मला पहिल्यांदा विजय झाल्यासारखं वाटलं. बघा, एवढी सुधारलेली यांची भाषा, आणि ही तऱ्हा! पण मेट्रोत बसल्यावर आपले शब्द एकेक करून उठायला लागले. पाटलीण. पाटलीण म्हणजे गावची पाटीलकी करणारी बाई नव्हे, पाटलाची बायको. सुभेदारीण. मामलेदारीणबाई. फौजदारीण. आमच्या आजीच्या वाड्यात ‘वकीलीणकाकू’ होत्या, त्यांना सही अंगठ्यानं करावी लागे. मास्तरीण तेवढी स्वतः शिकवणारी असायची, तीही कधीकधी मास्तरांची बायकोच निघायची. आणि डॉक्टरीणबाई. मी डॉक्टर झाले तेव्हा गावाकडे मला सगळे कौतुकानं डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. लग्नानंतर सासरी नाव तेच राहिलं, आणि पहिल्याच गणपतीत हळदीकुंकवाला आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई का? मिस्टरांचा दवाखाना कुठं आहे?” माझे मिस्टर विमानाच्या इंजिनांचं काम करतात. मी त्यांना हसून अत्तर लावलं आणि पुढे गेले. तेव्हा बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

इथं मला कोणी डॉक्टर म्हणत नाही. युरोपाबाहेरची पदवी असली की ज्ञानाची पुन्हा परीक्षा, त्यात ठरावीक जागा, मग रुग्णालयात देखरेखीखाली काम, मग परवानगी. नियम सगळ्यांना सारखा आहे, त्यात मला वेगळं वागवलं असं मी म्हणणार नाही. मी एकदा परीक्षेला बसले. अभ्यासात कमी पडले नव्हते, भाषेत पडले. पेपर सोडवताना मी मराठीत विचार करते, इंग्रजीत आठवते आणि फ्रेंचमध्ये लिहिते, त्यात वेळ जातो. दुसऱ्यांदा फॉर्म भरायच्या वेळी लेक आठ महिन्यांची होती. तिसऱ्यांदा आईचं ऑपरेशन. आता मी एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांची माहिती तपासते. कोणत्या रुग्णाला कोणत्या दिवशी किती डोस, कोणाला ताप आला, कोण मध्येच सोडून गेला. काम प्रामाणिकपणे करते, आणि ते महत्त्वाचं आहे. एखादी चूक माझ्या नजरेतून सुटली तर पुढे हजारो लोकांना चुकीचं औषध जाऊ शकतं. संध्याकाळी सहाला घरी असते. लेकीला मराठी लिहायला-वाचायला येतं ते त्यामुळे. हे मी स्वतःला वरचेवर सांगत असते असं नवरा म्हणतो. सांगत असेन. खरं आहे म्हणून सांगते.

रविवारी मावशीला फोन केला. आईची धाकटी बहीण, घरात तिचं नाव ‘मिलिटरीवाली मावशी’. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती, पुण्याला, मग जम्मू, लखनौ, शेवटी पुन्हा पुणे. लग्न केलं नाही. सुट्टीत यायची तेव्हा आमच्यासाठी अक्रोड आणायची आणि आमचे अंथरुणाचे कोपरे दुमडून पक्के करायची. तिला सगळं सांगितलं: आंद्रेबाई, ऑफिसातला प्रश्न, माझं उत्तर.

मावशी म्हणाली, “आणि राम मॅडमचं नाव नाही घेतलंस?”

मी विचारलं, कोण राम मॅडम?

फोनवर जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “गर्ट्रूड अ‍ॅलिस राम. मेजर जनरल. आमच्या नर्सिंग सर्व्हिसच्या प्रमुख. शहात्तर साली झाल्या.”

शहात्तर. मी तारखा शोधल्या. आंद्रेबाई एप्रिल १९७६, राम मॅडम ऑगस्ट १९७६. चार महिने. जगात सैन्यात बाईला जनरल करणारा पहिला देश अमेरिका, दुसरा फ्रान्स, तिसरा भारत. मी ऑफिसात घसा कोरडा करून २००४ आणि २०२० सांगत होते, आणि माझ्या हातात १९७६ होतं. माझ्या घरात होतं. ते सांगू शकणारी बाई मला दर उन्हाळ्यात अक्रोड फोडून द्यायची.

मला नाव ठाऊक का नव्हतं? कारण राम मॅडम नर्स होत्या. दुसरं कारण मला तरी सापडत नाही. आमच्या घरात मामा सुभेदार होता, त्याचा गणवेशातला फोटो बैठकीत, हार घातलेला. मावशी लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाली. तिचा फोटो कुठंच नाही. लग्नकार्यात ओळख करून देताना “ही आमची शैला, मिलिटरी हॉस्पिटलात नर्स होती,” इतकंच. मीसुद्धा, भूलतज्ज्ञ असून, जिला माहीत आहे की रात्री तीन वाजता ऑपरेशन थिएटरात कोण कोणाला वाचवतं, मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की मावशी, तुझ्या खांद्यावर काय होतं. फ्रेंच भाषेत जनरल बाईला जागा नव्हती म्हणून मी खूश झाले होते. आमच्या बैठकीच्या भिंतीवरसुद्धा नव्हती.

सोमवारी सहकारी बाईला राम मॅडमचं सांगितलं. तिनं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. मग म्हणाली, “तुझी मावशीसुद्धा? मग तिला काय म्हणायचे?” आणि मला तेही सांगता आलं नाही. पुन्हा फोन.

“आम्हाला मॅडम म्हणायचे,” मावशी म्हणाली. “रुग्ण सिस्टर म्हणायचे. जवान पोरं कधी कधी गुंगीत आई म्हणायची. कागदावर लेफ्टनंट कर्नल.”

दुसऱ्या दिवशी तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. लोखंडी पेटीच्या झाकणावर पांढरा रुमाल अंथरून त्यावर खांद्याच्या दोन पट्ट्या ठेवल्यात, अशोकस्तंभ आणि एकेक तारा. रुमालाच्या कोपऱ्याला घडी तशीच, पक्की. बाजूला तरुणपणीचा गणवेशातला फोटो, मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ती माझ्याएवढीच दिसते, बुटकी, पाठ ताठ.

लेकीनं प्रिंट काढून घेतली. ती शाळेच्या वहीत चिकटवायची आहे म्हणाली. मावशीला व्हिडिओ कॉल लावून तिनं थेट विचारलं, “आजी, तुला मी काय म्हणू? मादाम ल कोलोनेल?”

मावशीला फ्रेंच येत नाही. मी अर्थ सांगितला, ‘ल’ आणि ‘ला’ची सगळी गोष्ट सांगितली. तिनं चष्मा वर सरकवला.

“आजी म्हण,” ती म्हणाली. “फोटोखाली हुद्दा लिही.”

लेकीनं पेन्सिल घेतली. लेफ्टनंटमधला जोडाक्षराचा ‘फ’ कसा काढायचा ते तिनं मला विचारलं. बाहेर हेलिकॉप्टर उतरत होतं, म्हणून मला दोनदा सांगावं लागलं.